लक्ष कुणाचं ऐकतं?

संगणकाच्या पडद्यावर एक झुडूप दिसतं, फळांनी लगडलेलं. माउसचा बाण त्याच्यावर धरला की फळं तुमच्या खात्यात जमा होऊ लागतात, पण दर वेळी आधीपेक्षा थोडी कमी. दुसरं झुडूप भरलेलं असणार, मात्र तिथवर जाण्यात वेळ फुकट जातो. हातात एकूण आठ मिनिटं. आता सांगा, उरलीसुरली फळं खुडत इथेच राहायचं, की उठून निघायचं?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड बॅराक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५७ प्रौढांना हा खेळ ऑनलाइन खेळायला दिला. सोबत एक प्रश्नावली होती: कामं अर्धवट राहतात का, वस्तू हरवतात का, बसल्या जागी हातपाय चाळवतात का. एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलता, असलेल्या प्रौढांना प्राथमिक चाळणीत ओळखण्यासाठी असे प्रश्न विचारतात. ज्यांची उत्तरं त्या बाजूला झुकली, ते झुडपं लवकर सोडून निघत होते. यात नवल काहीच नाही. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण लहानपणापासून ज्यांना उद्देशून वापरली गेली, ती माणसं खेळातही धरसोडच करणार. नवल पुढे आहे. शेवटी फळं मोजली तेव्हा या धरसोड करणाऱ्यांची सरासरी भरली ६०२, आणि बाकीच्यांची ५२१.

यामागचं गणित जुनं आहे. एरिक चार्नॉव्ह या जीवशास्त्रज्ञाने १९७६ साली ते मांडलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर चारा शोधणारे प्राणी होते. एका ठिकाणची कमाई घसरत घसरत सगळ्या परिसराच्या सरासरीवर आली की तिथून निघावं, हा सगळ्यात फायद्याचा क्षण. माणसं साधारणपणे तो क्षण चुकवतात आणि जास्त वेळ चिकटून बसतात. या प्रयोगात दोन्ही गट गरजेपेक्षा जास्तच रेंगाळले, फक्त एक गट कमी रेंगाळला. २०२४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खेळ तो खेळ, आणि प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, हे खरंच. तरी शाळेच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी ‘चंचल’ असा शेरा घेऊन घरी गेलेल्या माणसाने हे दोन आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

एडीएचडीबद्दल मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट मात्र वेगळीच वाटते. या माणसांकडे लक्ष भरपूर असतं. बंद पडलेली मोटरसायकल खोलून बसला तर सहा तास जेवणाची आठवण होत नाही, तोच माणूस वीस मिनिटांचा विम्याचा फॉर्म तीन महिने भरत नाही. घरचे म्हणतात, मनात आणलं तर करू शकतो, आळस आहे दुसरं काय! मनात आणणं हीच तर खरी अडचण आहे. बहुतेकांच्या मेंदूला ‘हे महत्त्वाचं आहे’ एवढं कळलं की गाडी सुरू होते, कुरकुरत का होईना. इथे महत्त्व पुरत नाही. काम रंजक हवं, नवं हवं, अवघड हवं, नाहीतर अगदी गळ्याशी आलेलं हवं. या माणसांना वर्षानुवर्षं तपासणारे डॉक्टर हेच सांगतात, आणि ही माणसं स्वतःही हेच सांगतात.

वैद्यकाने हे सुरुवातीला पाहिलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ सालच्या आपल्या ग्रंथात अवधानावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. खोलीत कुणी येरझारा घातल्या, टेबल सरकलं, दार आपटलं, कुत्रं भुंकलं, की लगेच मन उडून जातं अशा माणसांचं त्याने वर्णन केलं आहे. वाचताना वाटतं, याला आजच्या ‘ओपन ऑफिस’मध्ये बसवलं असतं तर आणखी एक खंड लिहिला असता. पुढे १८४४च्या नाताळात फ्रँकफर्टच्या हाइनरिश हॉफमान या डॉक्टरला आपल्या लहान मुलासाठी बाजारात मनासारखं पुस्तक मिळेना. त्याने स्वतःच चित्रं काढून एक पुस्तक केलं. त्या पुस्तकात पुढे आलेला फिलिप जेवणाच्या टेबलाशी खुर्ची हलवत बसतो आणि शेवटी टेबलावरच्या कापडासकट अख्खं जेवण ओढून खाली आणतो. हा चुळबुळ्या फिलिप जर्मन घराघरांत अजून ओळखीचा आहे. पण तो मूल आहे, आणि पुढची शंभरेक वर्षं डॉक्टरांच्या नजरेसमोर मूलच राहिलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या १९६८च्या आवृत्तीत तर स्पष्ट लिहिलं होतं की हे वागणं पौगंडावस्थेत सहसा ओसरतं. मूल मोठं होईल, निवेल, असं आपल्या आज्याही म्हणायच्या. फक्त त्या पुस्तिका छापत नव्हत्या.

औषधाची गोष्ट याहून विलक्षण आहे. ऱ्होड आयलंडमध्ये एका श्रीमंत गृहस्थांनी मेंदूज्वराने अधू झालेल्या आपल्या मुलीच्या, एमाच्या, नावाने मुलांसाठी एक इस्पितळ काढलं होतं. १९३०च्या दशकात तिथे चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढत. त्यासाठी पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तिथे हवा भरावी लागे. मुलांचं डोकं भयंकर दुखायचं. काढलेलं पाणी लवकर भरून यावं म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन नावाचं उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखी काही थांबली नाही. शिक्षक मात्र चकित होऊन सांगू लागले की काही मुलं एकाएकी अभ्यासाला लागली आहेत. मग ब्रॅडलींनी रीतसर ३० मुलांना आठवडाभर हे औषध दिलं आणि १९३७ साली निष्कर्ष छापले: १४ मुलांच्या शाळेतल्या कामात नेत्रदीपक फरक पडला होता, आणि दांडगी मुलं शांत झाली होती. उत्तेजक देऊन शांत! मुलांनी त्या गोळ्यांना नाव ठेवलं ‘गणिताच्या गोळ्या’.

काही वर्षांनी, १९४४ साली, स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्झोन या रसायनशास्त्रज्ञाने मेथिलफेनिडेट बनवलं. त्याची बायको मार्गारीट टेनिसला जाण्याआधी ते घ्यायची. तिला घरी रीटा म्हणत, म्हणून औषध झालं रिटालिन. आज जगभर एडीएचडीसाठी सगळ्यात जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी ते एक आहे. भारतात ते शेड्यूल एक्समध्ये येतं. म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि चिठ्ठीची एक प्रत केमिस्टला जपून ठेवावी लागते.

उत्तेजकाने माणूस शांत का व्हावा? उत्तर डोपामिनच्या आसपास आहे. डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची फॅशन आहे. ती दिशाभूल करते. हे करण्याजोगं आहे, इथे थांब, याच्या मागे लाग, असा इशारा देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. अमेरिकेत नोरा व्होल्को यांनी एडीएचडी असलेल्या, पण कधीही औषध न घेतलेल्या ५३ प्रौढांच्या मेंदूंचे पेट स्कॅन काढले. २००९ साली त्यांनी जाहीर केलं की बक्षिसाची चाहूल घेणाऱ्या भागात डोपामिनचे ग्राहक आणि त्याला परत गोळा करणारे रेणू, दोन्ही सरासरीने कमी आढळतात. चाहूलच मंद असेल तर मेंदू ती दुसरीकडे शोधणार: खिडकीबाहेर, फोनमध्ये, नव्या कल्पनेत, भांडणातसुद्धा. मेथिलफेनिडेट डोपामिनला पेशींच्या फटीत थोडा जास्त वेळ रेंगाळू देतं. हातातल्या कामालाच चव येते आणि बाहेरची वणवण थांबते. म्हणून शांतता.

हीच यंत्रणा एक घरगुती उत्तेजक फुकटात पुरवते. त्याचं नाव शेवटची तारीख. विजेचं बिल भरायच्या शेवटच्या रात्री, ३१ जुलैला आयकराचं विवरण भरताना, परीक्षेच्या आदल्या पहाटे या मेंदूत जो प्रकाश पडतो तो खराच असतो. धोका जवळ आला की चाहूल आपोआप मोठी होते. लांबचं बक्षीस या मेंदूला फिकट दिसतं, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. आज शंभर रुपये की महिन्याने दीडशे, असं विचारलं तर एडीएचडी असलेली माणसं इतरांपेक्षा जास्त वेळा आजचे शंभर घेतात. त्यांच्या घड्याळात दोनच वेळा असतात, ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’. वर्षअखेरीची पगारवाढ ‘आत्ता नाही’मध्ये येते, आणि तिथे असलेली गोष्ट जवळजवळ नसल्यासारखीच.

शिवाय चालू कामाच्या वस्तू मनात मांडून ठेवायची जागा, जिला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात, ती अरुंद असते. स्वयंपाकघराचा ओटा हातभर असावा तशी. नवं भांडं ठेवलं की आधीचं पलीकडून खाली पडतं. साहेबांनी एका दमात चार कामं सांगितली तर पहिलं आणि चौथं उरतं. दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा नुसता आवाज ऐकू आलेला असतो. याचा बुद्धीशी संबंध नाही, हे ओरडणाऱ्यांना पटवणं अवघड जातं.

प्रौढांचं काय, हा प्रश्न युटा विद्यापीठातल्या पॉल वेंडर यांनी १९७०च्या दशकात लावून धरला. त्यांच्या गटाने प्रौढ रुग्ण तपासले, ही माणसं लहानपणी कशी होती हे त्यांच्या आईवडिलांना विचारलं, आणि दाखवून दिलं की अनेकांच्या बाबतीत काहीच ओसरलेलं नाही. पळापळ थांबते, बाहेरची चुळबुळ आत जाऊन बसते. आजच्या निकषांनुसार प्रौढाच्या निदानासाठी लक्ष नसणं किंवा अतिचंचलता-उतावळेपणा यांपैकी एका यादीतली निदान पाच लक्षणं लागतात. काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली हवीत, आणि त्रास घर आणि कचेरी अशा एकाहून जास्त ठिकाणी व्हायला हवा. रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. अनुभवी डॉक्टरने निवांत बसून आयुष्याची हकिगत ऐकणं, हीच तपासणी. अशा प्रौढांचं प्रमाण साधारण शंभरात अडीच ते तीन धरतात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो. म्हणून मुलाचा अहवाल समजावून घेताना एखादे वडील मध्येच म्हणतात, डॉक्टर, हे तर तुम्ही माझ्याबद्दल बोलताय. आयांचा नंबर बहुधा त्याही नंतर लागतो. वर्गात मुकाट खिडकीबाहेर बघणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही, त्यामुळे तिला कुणी तपासायला नेत नाही. पुढे घर, नोकरी आणि मूल एकदम अंगावर येतं, तेव्हा तिची कसरत कोसळते.

आणि इथे एक गोष्ट येते जी एका शोधनिबंधात वाचून मी तो परत पहिल्यापासून वाचला. अमेरिकेत एडीएचडी असलेल्या मुलांचा एक गट लहानपणापासून प्रौढ होईपर्यंत तपासला गेला. मार्गारेट सिब्ली यांनी ती माहिती चाळली तेव्हा दिसलं की लक्षणं सरळ रेषेत जातच नाहीत, भरती-ओहोटीने येतात-जातात. मग त्यांनी पाहिलं की ओहोटी केव्हा येते. अपेक्षा अशी की जबाबदाऱ्या कमी, ताण कमी, तेव्हा. २०२४ साली छापलेलं उत्तर उलटं होतं: आयुष्यात मागण्या जास्त असतात त्याच काळात लक्षणं कमी असण्याची शक्यता वाढते. कामामुळे माणूस सावरतो, की सावरलेला माणूस जास्त कामं अंगावर घेतो, हे या आकड्यांवरून ठरत नाही. पण ‘त्याला झेपणार नाही, त्याला सोपं काहीतरी द्या’ या दयाळू सल्ल्याकडे आता संशयाने बघायला हवं. सोपं आणि संथ काम हीच कदाचित सगळ्यात वाईट शिक्षा असेल.

आपल्याकडच्या गणेशमंडळात असा एक कार्यकर्ता बहुतेक असतोच. निदानाचा शिक्का मी त्याच्यावर मारत नाही, फक्त वर्णन करतो. मंडपाचा खांब हलला, जनरेटर बंद पडला, ऐन आरतीला माइक गेला, की हा आधीच तिथे पोचलेला. दहा दिवस झोप नाही, चेहऱ्यावर थकवा नाही. विसर्जन झालं की पावतीपुस्तकाच्या हिशेबासाठी खजिनदार त्याला दिवाळीपर्यंत शोधतो. वर्तमानपत्रात असाल तर पुराच्या रात्री पाण्यात उभं राहून अकरा वाजता बातमी देणारा आणि प्रवासखर्चाचं बिल कधीच न देणारा बातमीदार तुम्हाला माहीत असेल. इस्पितळाचा अपघात विभाग, हॉटेलचा मुदपाकखाना, नाटकाचा दौरा, शेअरबाजार: या कामांत निकाल मिनिटांत कळतो, पुढचा प्रसंग आधीसारखा नसतो, आणि अंग हलवायला मुभा असते. अभिनेत्री आलिया भट हिने २०२४ साली आपल्या एडीएचडीच्या निदानाबद्दल उघडपणे सांगितलं, तेव्हा कॅमेऱ्यासमोर असताना आपण पूर्णपणे त्या क्षणात असतो, असं तिचं म्हणणं होतं. ‘ॲक्शन’ आणि ‘कट’ यांच्यामध्ये ‘आत्ता नाही’ला जागाच नसते.

नवनिर्मितीबद्दल मात्र जरा हात राखून बोलायला हवं. मिशिगन विद्यापीठातल्या हॉली व्हाइट यांनी एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्यांना परग्रहावरचं फळ कल्पून काढायला सांगितलं. पृथ्वीवरच्या फळांपासून ते इतरांपेक्षा जास्त दूर गेले. सुंदर प्रयोग. पण मार्टिने होखमान आणि सहकाऱ्यांनी २०२० साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एडीएचडीची लक्षणं थोडीफार असलेल्यांत वेगवेगळ्या कल्पना सुचण्याचं प्रमाण जास्त दिसलं, पण निदान होण्याइतका त्रास असलेल्यांत ते तसं वाढलेलं दिसलं नाही. उद्योजकांचीही तीच तऱ्हा. जोहान विकलुंड आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी असलेल्या १४ उद्योजकांशी बोलून लिहिलं की उतावळेपणामुळे ते चटकन उडी घेतात आणि आवडत्या कामात तासन्तास बुडून जातात. मात्र काहींचं त्यातून भलं झालं, काहींचं नाही. जेटब्लू ही विमानकंपनी काढणारे डेव्हिड नीलमन आपल्या एडीएचडीबद्दल मोकळेपणाने बोलतात. पण एका नीलमनमागे अर्धवट राहिलेली किती दुकानं आहेत, हे कुणी मासिकाच्या मुखपृष्ठावर छापत नाही.

म्हणून ‘सुपरपॉवर’ हा शब्द मला खटकतो. ब्रिटनमध्ये निदान झालेल्या ३० हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास २०२५च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला. त्यांचं अपेक्षित आयुर्मान इतरांपेक्षा पुरुषांमध्ये सुमारे पावणेसात आणि स्त्रियांमध्ये साडेआठ वर्षांनी कमी निघालं. व्यसनं, अपघात, दुर्लक्षित आजार, निराशा यांची बेरीज अशी होते. उपचारांनी फरक पडतो. स्वीडनमध्ये २५ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, औषध चालू असलेल्या काळात त्याच पुरुषांच्या हातून होणारे गुन्हे ३२ टक्क्यांनी कमी आणि स्त्रियांच्या बाबतीत ४१ टक्क्यांनी कमी आढळले. शक्ती मोजायची तर किंमतही त्याच वहीत लिहावी.

मग शक्ती म्हणायची कशाला? उत्तर केनियाच्या उत्तरेला सापडतं. तिथले आरिआल लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरं घेऊन फिरणारे. त्यातले काही अलीकडे एका जागी वसले. डॅन आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दोन्ही गटांतल्या पुरुषांच्या डीआरडी-४ या जनुकाकडे पाहिलं. डोपामिनच्या एका ग्राहकाचं हे जनुक. त्याच्या एका आवृत्तीचा संबंध नावीन्याच्या ओढीशी आणि, थोड्या प्रमाणात, एडीएचडीशी जोडला जातो. भटक्या आरिआलांमध्ये ही आवृत्ती असलेले पुरुष इतरांपेक्षा धडधाकट, अंगाने भरलेले निघाले. वसलेल्या आरिआलांमध्ये तीच आवृत्ती असलेले उलट जास्त कृश होते. जनुक तेच, माणसं एकाच रक्ताची, बदललं ते फक्त जगण्याचं वेळापत्रक. एका जनुकाने एडीएचडी होत नाही, त्यात कितीतरी जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. तरी गुण आणि दोष ठरवण्यात जागेचा केवढा हात असतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा अभ्यास मला माहीत नाही.

कचेऱ्यांमध्ये हा अभ्यास बढतीच्या दिवशी आठवायला हवा. वादळात तुटलेल्या लाइनवर रात्रभर उभा राहणारा इंजिनिअर, किंवा दिवसाला पंधरा दुकानदारांना भेटून सगळ्यांची नावं लक्षात ठेवणारी विक्री प्रतिनिधी, यांना त्यांच्या कामाचं बक्षीस म्हणून केबिन मिळते. केबिनमध्ये असतात तिमाही अहवाल, अंदाजपत्रक आणि दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज. कालपर्यंत कामाचा निकाल तासाभरात कळत होता, आता तो तीन महिन्यांनी कळतो. सहा महिन्यांत साहेब म्हणू लागतात, खुर्ची मिळाली आणि माणूस सुस्तावला. खरं तर तो भटक्या आरिआलाचा एका दिवसात वसलेला आरिआल झालेला असतो.

अशा वेळी फार मोठी व्यवस्था लागत नाही. तिमाही अहवालाचे बारा तुकडे करून दर सोमवारी एक तुकडा कुणालातरी समोर बसून दाखवायचा. सूचना तोंडी न देता दोन ओळींत लिहून पाठवायच्या. आकडेमोडीत ज्याचं मन रमतं अशा सहकाऱ्याशी जोडी लावायची. आठवड्यातला एक दिवस केबिनबाहेर, फील्डवर. कंटाळवाणं काम करताना शेजारी कुणी नुसतं बसलं तरी हात चालतो, असं यातले अनेक जण सांगतात. लहानपणी अभ्यासाला आई शेजारी भाजी निवडत बसायची, तेव्हाही हेच चाललेलं असायचं. आणि बढतीचं पत्र टाइप करण्याआधी त्या माणसाला एकदा विचारावं की बाबा रे, तुला पगार वाढवून हवाय की खुर्ची? दोन्ही एकत्रच द्यायला हवं असा काही नियम नाही.